दार उघडे, उंबरठा उंच

आमच्यापैकी अनेकांनी संगणक प्रथम पाहिला तो याच शाळेत, एका यंत्रासमोर चौघे दाटीने बसून. त्यांतील काहीजण आज संगणकक्षेत्रात उपजीविका करीत आहेत. म्हणून या स्मरणिकेसाठी वसतिगृहाच्या आठवणी न लिहिता आमच्या व्यवसायातील एक प्रश्न माजी विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटले.

ज्या प्रणालीची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, सुधारता येते आणि इतरांना देता येते, तिला ओपन सोर्स म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये आरंभिलेले लिनक्स हे तिचे सर्वपरिचित उदाहरण; आपल्या हातातील अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच. अशा प्रकल्पांत प्रवेशपरीक्षा नाही, शुल्क नाही. काम पाठवावे, चांगले असल्यास ते स्वीकारले जाते. ऐकायला हे समतेचे राज्य वाटते. मग २०१७ साली गिटहबने केलेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी ९५ टक्के पुरुष आणि अवघ्या ३ टक्के स्त्रिया का आढळाव्यात?

‘गुणवत्ता असेल तो पुढे येईल’ हे उत्तर आपल्या समाजाने पुष्कळदा ऐकले आहे. २००६ मध्ये गुगलच्या उन्हाळी उपक्रमासाठी ग्नोम या प्रकल्पाकडे १८१ अर्ज आले. त्यांत एकही स्त्री नव्हती. तेव्हा संयोजकांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यावेतन जाहीर केले आणि शंभराच्या आसपास अर्ज आले. या स्त्रियांची गुणवत्ता काही आठवड्यांत जन्मली नव्हती. त्यांना कोणी बोलावलेच नव्हते.

महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव १९२४ मध्ये केला होता. पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी. ठराव आणि ओंजळ यांतील हे अंतर आम्हांला आमच्या क्षेत्रातही दिसते. ओपन सोर्समधील बरेचसे काम विनावेतन, नोकरी सांभाळून रात्री केले जाते. ज्याच्या घरी स्वतःचा संगणक आहे, अखंड वीज आहे आणि महिनाअखेरची चिंता नाही, त्यालाच अशी रात्र परवडते. त्यात सर्व चर्चा इंग्रजीत. आमच्यातील एकाने वर्षभर धीर गोळा करून एका प्रकल्पाकडे पहिली दुरुस्ती पाठवली. दुरुस्ती योग्य होती, परंतु उत्तरात तिच्याबद्दल अवाक्षर नव्हते. त्याच्या इंग्रजीची मात्र चारचौघांत थट्टा होती. पुढील तीन वर्षे त्याने कोठेही काही पाठवले नाही. अशी गळती कोणत्याच पाहणीत मोजली जात नाही.

उद्धट भाषा हा प्रतिभेचा दागिना मानण्याची प्रथा या क्षेत्रात दीर्घकाळ होती. २०१८ मध्ये खुद्द टोरवाल्ड्स यांनी आपल्या कठोर पत्रव्यवहाराबद्दल क्षमा मागितली आणि लिनक्सने आचारसंहिता स्वीकारली. ज्या नमुना-संहितेवर ती आधारलेली होती, तिच्या तेव्हाच्या मसुद्यात ‘जात’ हा शब्द नव्हता, २.१ या पुढील आवृत्तीत तो आला. हे स्वागतार्हच आहे. तथापि प्रत्येक दुरुस्तीसोबत ती करणाऱ्याचे नाव कायमचे नोंदले जाते, आणि आपल्याकडे आडनाव काय काय सांगून जाते हे या स्मरणिकेच्या वाचकांना आम्ही काय सांगावे?

आमच्या मते संहितेपेक्षा विद्यावेतन आणि मार्गदर्शक यांचा उपयोग अधिक. ग्नोमच्या त्याच प्रयत्नातून पुढे आउटरीची हा उपक्रम उभा राहिला. घरी बसून तीन महिने काम, सोबतीला अनुभवी मार्गदर्शक आणि ७,००० डॉलर विद्यावेतन. तो आता केवळ स्त्रियांसाठी नाही. आपापल्या देशाच्या तंत्रक्षेत्रात ज्यांना भेदभाव सोसावा लागतो, अशा अठरा वर्षांवरील कोणालाही अर्ज करता येतो. अर्जात त्या भेदभावाविषयी निबंधरूपाने लिहावे लागते. आपल्या मुलामुलींपाशी त्यासाठी मजकुराची वाण नाही. वाण आहे ती हा अर्ज अस्तित्वात असल्याच्या माहितीची.

शाळेने आधी नोकरी मिळेल असेच शिकवावे, असे आमच्यातीलच काहींचे मत आहे, आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. फी भरताना आईवडिलांनी काय काय विकले हे आम्ही जाणतो. परंतु या क्षेत्रात नोकरी देणारेही उमेदवाराचे सर्वांसमोर असलेले काम पाहतात, आणि ते काम उभे करण्यासाठी पहिले सहा महिने कोणीतरी शेजारी बसावे लागते.

यासाठी आम्ही आठजणांनी दर रविवारी सकाळी दोन तास देण्याचे ठरविले आहे. आरंभ मराठी भाषांतरापासून करू. पडद्यावरील सूचना मराठीत आणणे हेही प्रकल्पाचेच काम असते आणि त्यास इंग्रजी बोलण्याचा धीर लागत नाही. दहावीनंतर शाळा सोडून गेलेल्या मुलींनाही बोलवावे, अशी आमची विनंती आहे. वापरात नसलेला पण चालू स्थितीतील संगणक ज्यांच्याकडे असेल, त्यांनी तो शाळेच्या कार्यालयात पोहोचवावा. त्यावर लिनक्स घालून देण्याचे काम आमचे.