स्कोअर पडला? पडू दे!

गेम खेळणाऱ्यांचे आपल्याकडे दोनच प्रकार मानतात, शाळकरी आणि रिकामटेकडे. त्यामुळे ऑफिसवाली माणसं रात्री जेवण उरकून प्रोटीनच्या घड्या घालत बसतात हे घरी कुणाला पटत नाही. पण मंडळी, 'फोल्डइट' हा गेम खेळणाऱ्यांचं नाव थेट 'नेचर'सारख्या जर्नलमध्ये छापून आलंय!

त्याची सुरुवात मजेशीर आहे. सिएटलला युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये डेव्हिड बेकर यांची लॅब आहे. प्रोटीनचा आकार शोधायला प्रचंड कॉम्प्युटिंग लागतं, म्हणून लोक घरचे पीसी रिकाम्या वेळात लॅबला वापरायला द्यायचे. स्क्रीनसेव्हरवर प्रोटीन वळवळताना दिसायचं. बघणारे वैतागायला लागले. अरे, ती बाजू तिकडे वळव ना! आपण मॅच बघताना ओरडतो ना, अगदी तसंच. मग लॅबने कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना सोबत घेतलं आणि मे २००८ मध्ये त्याचा चक्क गेम झाला.

प्रोटीन म्हणजे अमिनो अ‍ॅसिड्सची माळ. तिची घडी कशी पडते यावर तिचं काम ठरतं. स्क्रीनवर ही माळ हलवायची, रबरबँड लावून ओढायची, 'शेक' आणि 'विगल' करायची. पाण्यापासून लांब पळणारे भाग आत लपवायचे. दोन तुकडे एकमेकांत घुसले की लाल काटे दिसतात. घडी जितकी पक्की, तितका स्कोअर जास्त. केमिस्ट्री नाही आली तरी चालतं. गच्च भरलेल्या सुटकेसची चेन लावता येत असेल, तर निम्मं काम झालंच.

मला आवडला तो २०१० च्या 'नेचर'मधल्या पेपरमधला एक मुद्दा. कॉम्प्युटरचा प्रोग्राम स्कोअर फार खाली जाऊ द्यायला तयार नसतो, त्यामुळे अडकतो. माणसं मात्र जमत आलेली रचना खुशाल मोडतात. स्कोअर धाडकन पडतो, ती पडू देतात, कारण पुढची चाल त्यांना दिसत असते. आता सांगा, आपल्या ऑफिसात हे कोण करू देतं? आकडा दर तिमाहीला वरच हवा! या पेपरच्या लेखकांमध्ये 'फोल्डइट प्लेअर्स'ही होते.

पुढच्याच वर्षी कमाल झाली. माकडांना एड्ससारखा आजार देणाऱ्या एका व्हायरसच्या एन्झाइमची रचना शास्त्रज्ञांना दहा-बारा वर्षं सुटत नव्हती. खेळाडूंना मिळाले तीन आठवडे. एकाने जुळवत आणलेलं मॉडेल दुसऱ्याने सुधारलं, तिसऱ्याने बाहेर लोंबणारी एक पट्टी आत दुमडली. ते मॉडेल इतकं जवळ पोचलं की त्याच्या आधाराने एक्स-रेच्या माहितीतून खरी रचना सुटली.

'म्हणजे फुकटात राबवून घेतात की!' ही माझ्या मैत्रिणीची कमेंट. पैसे मिळत नाहीत, खरंय. पण तिचा दुसरा प्रश्न जास्त बोचरा होता. एआय आल्यावर तुमची गरज काय? २०२० मध्ये 'अल्फाफोल्ड'ने आकार ओळखण्यात सगळ्यांना मागे टाकलं, हे मान्यच. २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल तर बेकर आणि अल्फाफोल्डचे हसाबिस-जंपर यांना एकत्रच मिळालं. पण फोल्डइट तोवर दुसरीकडे वळला होता. निसर्गात नसलेली नवी प्रोटीन्स डिझाइन करणं. २०१९ च्या पेपरमध्ये खेळाडूंची १४६ डिझाइन्स लॅबमध्ये तपासली, त्यातली ५६ जमली. कुणीतरी किचन टेबलावर रचलेलं प्रोटीन खरोखर टेस्ट ट्यूबमध्ये तयार झालं! हे एआय जास्त वेगात करेलही. पण म्हणून मी सुडोकू सोडवणं थांबवलेलं नाही, हे का थांबवू?

गेम फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. आधी सुरुवातीचे धडे पुरे करा, थेट खऱ्या पझलमध्ये उडी मारलीत तर काही कळणार नाही. आणि सकाळी प्रेझेंटेशन असेल, तर रात्री अकरानंतर नवीन पझल उघडू नका.