यकृतावरची चरबी आणि डब्यांचा धंदा

गडहिंग्लजच्या पेठेत मिरची आणि गुळाच्या दराची चर्चा रोज होते, दुकानदाराच्या पोटाची होत नाही. सकाळी गादीवर बसलेला माणूस रात्री उठतो. मध्ये चार-सहा कप गोड चहा होतो. मग एखाद्या दिवशी सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर’ असे लिहून येते. दुखत काहीच नसते. इतक्यात कोणीतरी ओळखीचा ‘लिव्हर शुद्ध करणारा’ डबा घेऊन हजर होतो.

दारूला कधी न शिवलेल्यालाही हा विकार होतो, हे आपल्या व्यापारी बंधूंना अजून पटत नाही. वाढलेले वजन, मधुमेह, बैठे काम आणि साखर ही त्याची मुख्य कारणे. काहींच्या बाबतीत पुढे सूज, व्रण आणि सिरॉसिसपर्यंत मजल जाते. केंद्र सरकारने 2021 मध्ये असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याचा समावेश केला, तो उगाच नव्हे. आपल्या भागाचा गूळ उत्तम, यात वाद नाही. परंतु ‘साखर सोडली, गूळ धरला’ म्हणून यकृत फसत नाही, गुळातही बहुतांश साखरच असते.

आता व्यापाऱ्याच्या भाषेत हिशेब मांडू. वजन सुमारे 5 टक्के उतरले तर यकृतावरची चरबी कमी होते, 7 ते 10 टक्के उतरले तर सूजही ओसरू शकते. म्हणजे 80 किलोच्या माणसाने आधी 4 किलो आणि नंतर 6 ते 8 किलोंचे ध्येय ठेवावे. आठवड्याला 150 मिनिटे झपझप चालणे, शिवाय जमेल तशी जोर-बैठकांसारखी मेहनत. वजनाचा काटा हलला नाही तरी व्यायामाने यकृतातील चरबी घटते. फुटबॉलचे वेड असलेल्या या गावात मैदानाची वाट कोणाला सांगावी लागू नये. पण आपण तेथे बहुधा कडेला उभे असतो!

डब्यांचे काय? 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत ‘ई’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने मधुमेह नसलेल्या काही रुग्णांची सूज कमी झाली, व्रण मात्र ठळकपणे भरले नाहीत. तेही डॉक्टरच्या देखरेखीखाली घ्यावयाचे. माशाच्या तेलाने रक्तातील ट्रायग्लिसराइड उतरते, परंतु यकृताचा विकार बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. उलट ग्रीन टीच्या अर्काने यकृतालाच इजा झाल्याच्या नोंदी आहेत. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीबाबतही असे रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, हेही सांगितले पाहिजे.

असे बहुतेक डबे औषध म्हणून नव्हे, तर अन्न परवान्यावर विकले जातात. ‘औषधी वापरासाठी नाही’ असे लेबलावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ते अक्षर बारीक असते आणि विकणाऱ्याची जीभ मोठी. माझे स्पष्ट मत असे की, ज्या मालाच्या लेबलावर हे छापले आहे तो ‘लिव्हर बरे करतो’ म्हणून विकणे ही मापात पाप करण्याची नवी तऱ्हा आहे. आपल्यापैकी जे बंधू साखळी पद्धतीने हे डबे नातलगांत खपवतात, त्यांनी निदान ती ओळ गिऱ्हाइकाला वाचून दाखवावी. आणि ज्यांनी डबा आधीच घेतला आहे त्यांनी तपासणीला जाताना तो सोबत न्यावा, कारण काय घेतो हे कळल्याशिवाय डॉक्टरला रक्ताच्या अहवालाचा अर्थ नीट लागत नाही.