मावांची गाडी आणि माझी गडबड

आमच्या दारातली पांढरी मारुती ८०० माझी नव्हे, मावांची. नंबर अजून धारवाडचाच, केए-२५. १९९८ साली त्यांनी ती नवी घेतली. पंधरा वर्षे झाल्यावर २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये नोंदणीची मुदत स्वतः रांगेत उभे राहून वाढवून आणली. २०२३ ची रांग माझ्या वाट्याला आली, कारण त्याआधीच त्यांनी ड्रायव्हिंग सोडले होते. डोळ्यांचे ऑपरेशन झाले, पण रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा धीर होईना. एके दिवशी किल्ली माझ्या हातात ठेवली. बोलले काहीच नाहीत, बॉनेटवरून एकदा हात फिरवला एवढेच.

इंजिन अजून ठणठणीत आहे. गाडी थकली होती ती आतून. डॅशबोर्ड उन्हाने पांढुरका पडलेला, दाराचे हँडल झिजलेले, सगळीकडे ओरखडे. या मॉडेलचे उत्पादन २०१४ मध्येच थांबले, त्यामुळे आतले सुटे भाग नवे मिळणे अवघड. मावा दिवाळीला यायचे होते. म्हटले, आपणच रंगवू आणि त्यांना चकित करू.

गणपती बोळवून झाले आणि रविवारी मी काळ्या रंगाचा स्प्रे डबा आणला. काचांना वर्तमानपत्रे चिकटवली, बाहेर रिपरिप चालू असतानाच फवारा मारला. संध्याकाळी गाडी आतून अशी चमकत होती, की मीच दोनदा दार उघडून पाहिले. आठव्या दिवशी मुलीने हँडल ओढले आणि रंगाचा पापुद्राच तिच्या हातात आला. सौ. म्हणाली, "आवो, गाडी रंगवलीत की बटाटा उकडलात?"

शेवटी उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या पेंटरकडे गेलो. त्याने बोट फिरवून एकच विचारले, "यावर कोण पॉलिश मारत होतं?" मी नाही म्हणणार, एवढ्यात सौ. हळूच म्हणाली, "अप्पा. दर रविवारी, अंघोळ झाल्यावर."

वीस-बावीस वर्षे मावांनी मऊ फडक्याने जे चकाकीचे पॉलिश चोळले होते, त्यात सिलिकॉनचे तेल असते. ते प्लॅस्टिकच्या बारीक दाण्यांत बसून राहते आणि वर रंग धरू देत नाही. दुसरे असे, की काही भागांचे प्लॅस्टिकच मुळात चिवट. पॅनेलच्या मागच्या बाजूला 'पीपी' अशी इंग्रजी अक्षरे उमटवलेली असली, तर ते पॉलिप्रॉपिलीन. त्याच्यावर साधा रंग टिकत नाही, आधी प्लॅस्टिकचा खास प्रायमर लागतो. तिसरे कारण पावसाळी हवा. आणि चौथे मी.

दुसऱ्या खेपेला दसऱ्यापर्यंत थांबलो. हवा कोरडी झाल्यावर पॅनेल सोडवले. काच वरखाली करण्याच्या हँडलमागे स्प्रिंगची एक क्लिप असते. जुन्या कापडाची पट्टी मागे घालून इकडून तिकडे ओढली, की ती सुटते. बाकीच्या क्लिपा जुन्या झाल्यामुळे तडकतात, तिथे जोर लावायचा नाही.

मग धुणे. भांड्यांच्या साबणाने, टूथब्रशने, तीनदा. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. दर वेळी फडके नवे, नाहीतर तेच तेल पुन्हा पसरते. थिनर मात्र लावायचा नाही, काही प्लॅस्टिक त्याने विरघळते. सपाट भाग ४०० आणि मग ६०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासले. दाणेदार भागावर कागद चालवला तर नक्षीच जाते, म्हणून तिथे स्वयंपाकघरातली हिरवी घासणी हलक्या हाताने.

पुन्हा पुसून प्रायमर. मग तोंडाला मास्क लावून, उघड्या गच्चीवर, वीतभर अंतरावरून रंगाचे चार पातळ हात. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटे. पहिला हात अर्धवट दिसतो, तो तसाच दिसू द्यायचा. रंग मॅट घेतला, कारण चकचकीत डॅशबोर्डची सावली पुढच्या काचेत पडते आणि रस्ता नीट दिसत नाही. पॅनेल आठवडाभर वाळू दिले आणि मगच बसवले. वाचकांपैकी कुणाची गाडी एअरबॅगवाली असेल, तर त्यांनी एअरबॅगच्या झाकणाला रंग लावू नये. ते ठरल्या जागी फाटण्यासाठीच केलेले असते.

हिशेब केला तर रंगवायला एक तास लागला आणि धुण्या-घासण्याला तीन रविवार.

दिवाळीला मावा पेढ्याचा पुडा घेऊन आले. चहा झाल्यावर गाडीत बसले, माझ्या शेजारी नव्हे, स्टिअरिंगसमोर. डॅशबोर्डवरून तळहात फिरवला. मग म्हणाले, "पहिल्यांदा रंग निघून आला म्हणे. कशाने?"

मी सौ.कडे पाहिले. ती दाराशी उभी, माझ्या तोंडाकडे बघत. ज्या हाताने त्यांनी दर रविवारी ही गाडी पुसली, त्या हाताला काय सांगणार? म्हटले, "गडिबिडि माडिदे, मावा."

ते हसले. "गडिबिडि याक माडिद्रि? सावकाश माडबेकु." आणि खिशातून घडी घातलेले मऊ फडके काढून पुढची काच पुसू लागले.

त्यांच्या बॅगेत पॉलिशची बाटलीही होती. सौ.ने ती कपाटात वरच्या फळीवर ठेवली आहे. विचारली तर सापडत नाही, असे आमचे ठरले आहे. गडबड ही तशी आपली दोन्हीकडची, मराठीतली आणि कन्नडमधलीही. 'सावकाश'ही दोन्हीकडचेच. मला ते शिकायला तीन रविवार लागले.