स्कूटरच्या चार्जरला एमसीबी पुरत नाही

वळवाच्या पावसात वीज कडाडली की आपण टीव्हीची पिन काढतो. खाली चार्जिंगला लावलेली स्कूटर मात्र कुणाला आठवत नाही. ‘एमसीबी आहे ना,’ असे उत्तर मिळते. पण एमसीबी प्रवाह वाढला की ट्रिप होतो, व्होल्टेज वाढले म्हणून नाही.

आकाशातल्या विजेचा झटका क्षणार्धाचा असतो. त्यासाठी मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्टर आणि चांगले अर्थिंग हवे. इमारतीचा न्यूट्रल तुटला तर मात्र 230 व्होल्टऐवजी काही घरांत 400 च्या जवळपास व्होल्टेज येते आणि टिकून राहते. क्षणिक झटका गिळणारा चार्जरमधला व्हॅरिस्टर अशा वेळी स्वतःच जळतो. इथे 270 व्होल्टच्या आसपास पुरवठा तोडणारा ओव्हर-व्होल्टेज रिलेच कामाचा.

डॉक्टरने यात का बोलावे? धुरामुळे. बिघडलेल्या चार्जरने बॅटरी जादा चार्ज केली आणि तिच्यातल्या नियंत्रण यंत्रणेनेही दगा दिला, तर ती पेटू शकते. लिथियम बॅटरीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइड असते. गाडी जिन्याखाली असेल तर हा धूर झोपलेल्यांपर्यंत आगीच्या आधी पोहोचतो. भाजलेले निदान दिसते. श्वासनलिकेची सूज कधी काही तासांनी उमटते.

सोसायट्यांच्या सभा चार्जिंगचे बिल कुणी भरायचे यावरच संपतात. माझ्या मते रिले, सर्ज प्रोटेक्टर आणि अर्थिंग तपासल्याशिवाय चार्जिंग पॉइंटला परवानगीच देऊ नये. जिन्याखाली तर कधीच नाही. गाडीच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. ‘एक्स्टेन्शन टाकून देतो’ म्हणणाऱ्या वायरमनला सरळ नाही म्हणा.