दुसऱ्या कॅमेऱ्यातला रोल

संघर्षात तटस्थ राहणारा छायाचित्रकार जुलमाचा भागीदार असतो, असे मत हल्ली फार ठासून मांडले जाते. पूर्वपक्ष थोडक्यात असा: कॅमेरा कुठे रोखायचा हे ठरवले तिथेच बाजू घेतली गेली, मग तटस्थतेचे सोंग कशाला? पीडितांच्या बाजूने उभे राहावे आणि त्यांच्या लढ्याला उपयोगी पडतील तेवढीच छायाचित्रे द्यावीत. ऐकायला हे बाणेदार वाटते. पण याने पहिला घात होतो तो पीडितांचाच.

कॅमेरा रोखणे ही निवड आहे, हे कबूल. कोणती जखम आधी पाहायची हे डॉक्टरही निवडतो. त्यामुळे त्याचे निदान पक्षपाती ठरत नाही.

खरा आक्षेप ‘तेवढीच’ या शब्दाला आहे. 16 मार्च 1968 रोजी व्हिएतनाममधल्या माय लाई गावात अमेरिकी सैनिकांनी निःशस्त्र गावकऱ्यांची कत्तल केली. मृतांचा अमेरिकी आकडा 347, व्हिएतनामचा 504. त्या तुकडीबरोबर रोनाल्ड हेबर्ली हा सैन्याचाच छायाचित्रकार होता. सैन्याच्या कॅमेऱ्यात कृष्णधवल रोल, स्वतःच्या कॅमेऱ्यात रंगीत. कृष्णधवल रोल त्याने रीतसर जमा केला. त्यात कत्तल नव्हती. वाटेवर पडलेले बायकापोरांचे मृतदेह होते ते दुसऱ्या कॅमेऱ्यात. ती रंगीत छायाचित्रे क्लीव्हलँडच्या ‘प्लेन डीलर’ने 20 नोव्हेंबर 1969 रोजी छापली, तेव्हा घटनेला वीस महिने उलटले होते. माणूस एकच, सकाळ एकच. एका रोलने आपल्या बाजूशी इमान राखले, दुसऱ्याने समोरच्या प्रेतांशी. हे इथेच थांबले नाही. सैनिक प्रत्यक्ष मारताना दिसत होते अशी काही छायाचित्रे आपणच नष्ट केली, ही कबुली हेबर्लीने 2009 मध्ये दिली. मेलेले जगाला दिसले, मारणारे दिसले नाहीत. बाजू घेतल्यावर असेच होते. आपल्या माणसांना गोत्यात आणणारी फ्रेम आधी टाळली जाते, मग लपवली जाते, शेवटी नष्ट केली जाते. ती माणसे सैनिक असोत वा क्रांतिकारक, हाताला सवय तीच लागते.

यावर सुनील जाना यांचे नाव पुढे केले जाईल. ते कम्युनिस्ट होते, 1943 च्या बंगालच्या दुष्काळाची त्यांची छायाचित्रे पक्षाच्या पत्रातून छापली गेली, हे खरेच. पण तटस्थाला मत नसते असे कोणी म्हटले? जाना यांच्या छायाचित्रांतली हाडे पटण्यासाठी पक्षाचे सभासद व्हावे लागत नाही.

‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ यावर मराठीत एके काळी बरीच लेखणी झिजली. बांधिलकी जाहीर केली की कलाकृतीचा कच्चेपणा माफ, अशी समजूत तेव्हाही होती. कादंबरीत ती एक वेळ खपते. छायाचित्रात कच्चेपणाऐवजी खोटेपणा माफ करावा लागतो.

मग तटस्थतेत करायचे काय? सलग रोल जपावा, समोरचे काही हलवू-मांडू नये, फोटोओळीत स्थळ-वेळ बिनचूक लिहावी, आणि आपल्या बाजूच्या हातात दगड असेल तर तोही फ्रेममध्ये राहू द्यावा.

30 जानेवारी 1972 रोजी उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात नागरी हक्कांच्या मोर्चाच्या वेळी ब्रिटिश पॅराट्रूपर्सनी गोळीबार केला. त्या दिवशी 13 जण मारले गेले. तिथे फ्रान्सहून आलेले जील पेरेस होते, इतरही छायाचित्रकार होते. त्या दिवसाच्या छायाचित्रांत दगडफेक करणारे तरुण आहेत, आणि जमिनीवर सरपटत चाललेला, हातात शस्त्र नसलेला माणूसही आहे. तो काही क्षणांत मारला गेला. या गोळीबाराचा तपास करणाऱ्या सॅव्हिल चौकशीने ही छायाचित्रे साक्षीपुराव्यांबरोबर ताडून पाहिली आणि गोळ्या लागलेल्यांपैकी कोणाकडूनही सैनिकांच्या जिवाला धोका नव्हता, असा निष्कर्ष काढला. दगडफेक वगळून फक्त प्रेते दाखवणाऱ्या रोलवर त्या चौकशीने किती विश्वास ठेवला असता? 15 जून 2010 रोजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी संसदेत माफी मागितली, तेव्हा डेरीच्या चौकात जमलेल्या नातेवाइकांनी 38 वर्षे वाट पाहिलेली होती.