सल्फाचे औषध आणि पाण्याचा नियम
मारेगावच्या उन्हाळ्यात निरोगी देहही पाण्यासाठी कासावीस होतो. घरातील रुग्ण को-ट्रायमॉक्साझोलसारखे सल्फावर्गीय औषध घेत असेल, तर शुश्रूषा करणाऱ्याने अधिकच जागरूक राहावे. हे औषध मूत्रावाटे बाहेर पडते. पाणी कमी पडल्यास त्याचे स्फटिक मूत्रमार्गात साचू शकतात. म्हणून उपवास वा चौविहाराचा नियम डॉक्टरांना आधीच सांगावा आणि त्यांच्या सल्ल्याने उकळलेले पाणी दिवसभर थोडे थोडे द्यावे. आजारपणापुरता तिविहार स्वीकारल्यास रात्रीही पाणी चालते. अंगावर पुरळ, तोंडात फोड वा लघवीत रक्त दिसल्यास पुढील गोळी न देता तत्काळ डॉक्टरांना गाठावे. पूर्वी सल्फाची ॲलर्जी झाली असल्यास प्रथमच सांगावी. वैयावृत्त्य हे आभ्यंतर तप. त्यात ही दक्षताही येते.