६९.९ तासांची नोंद

डेन्त्सू ही जपानमधील सर्वांत मोठी जाहिरातसंस्था. २०१५ च्या नाताळच्या दिवशी तेथील एका चोवीस वर्षांच्या तरुणीने आत्महत्या केली. नोकरीस लागून तिला नऊ महिनेही झाले नव्हते. करारानुसार जादा कामाची मासिक मर्यादा ७० तासांची होती आणि ऑक्टोबरमधील तिची नोंद होती ६९.९ तासांची! कामगार खात्याच्या तपासात एका महिन्याचा खरा आकडा १०५ तासांवर गेला. नोंद कर्मचाऱ्यानेच करावयाची. म्हणजे शोषणाचा पुरावा शोषितानेच पुसावयाचा.

तेथील 'कार्यसंस्कृती' बिघडली होती, असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. हाती घेतलेले काम प्राणावर बेतले तरी सोडू नये, हे १९५१ पासूनचे सूत्र कर्मचाऱ्यांच्या हातपुस्तिकेत छापले जाई. पांढरपेशा तरुणाला ती निष्ठा वाटते; ताळेबंदात मात्र ते फुकटचे श्रम असतात. १९९१ मध्ये याच संस्थेतील चोवीस वर्षांचा एक तरुण असाच गेला होता आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने संस्थेला जबाबदारही धरले होते. तरी २०१७ मध्ये दंड झाला तो अवघा पाच लाख येनांचा. (एवढ्यात दूरचित्रवाणीवरील एक जाहिरातही बनत नसेल.)

२०१८ च्या कायद्याने जादा कामावर मर्यादा आली. निकडीच्या महिन्यात ती शंभर तासांच्या किंचित आत. एखादा मृत्यू अतिश्रमाचा ठरविताना जपानी सरकार जी रेषा प्रमाण मानते, तीही महिन्याला शंभर तासांचीच. मालकसंघटनेबरोबर बसून ही मर्यादा मान्य केली ती रेंगो या कामगारांच्याच महासंघाने.